आप्पांची सोबत

हॉस्पिटलातल्या निळ्या खुर्चीत आप्पांनी हात जोडले, तेव्हा समताला आधी वाटलं, फीट येतेय.

तिनं पटकन त्यांचा चष्मा काढून घेतला आणि मानेखाली हात घातला. पण अंग ताठलं नव्हतं. डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या खांद्यावरून पलीकडे, औषधांच्या कपाटाकडे बघत आप्पा हसत होते.

"कोण आहे गं तिथं?"

"कुणी नाही आप्पा. कपाट आहे."

"नाही, आहे. फार चांगलं कुणीतरी आहे."

डॉ. ग्रेस गायकवाड यांचं टॅबवरचं बोट थांबलं. त्यांनी पडद्यावरच्या रेषा पाहिल्या, आप्पांकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "चौथी पातळी. बरं."

आप्पा म्हणजे सिद्राम हारगे. मिरजेत त्यांना सगळे हारगे सर म्हणत. या माणसानं आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते. स्वतःच्या लग्नात नाहीत, आईच्या मातीला नाहीत, शिक्षणाधिकारी शाळा तपासायला आले तेव्हाही नाहीत. तोंडानं नमस्कार म्हणायचे, हात खिशात. विशीत असतानाच त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून आईच्या ओंजळीत ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, "चांगलं वागायला मला वरून कुणी बघत असायची गरज नाही."

आणि ते चांगलं वागले, हे त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांनाही मान्य होतं. हायस्कुलात विज्ञान शिकवताना त्यांनी शिकवणीचा एक पैसा घेतला नाही. गावात दंगल झाली तेव्हा शेजारच्या दस्तगीर तंबोरेवाल्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. हातात काठीबिठी काही नाही, वर्तमानपत्र. जमाव आला, सरांना बघून थबकला, चार शिव्या घालून निघून गेला. घरच्यांना न सांगता लग्न केलेली पोरंपोरी त्यांच्याकडे यायची आणि धोका टळेपर्यंत माळ्यावरच्या खोलीत राहायची. त्यांतल्या कितीकांची नातवंडं आता शाळेत जात होती.

फक्त त्या चांगुलपणाची ऊब घरात कुणाला लागली नाही. समताची आई, सुमन, कर्करोगानं गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं एकच मागणं केलं होतं. मठातल्या स्वामींना एकदा बोलवा, कपाळाला विभूती लावू दे. आप्पा म्हणाले, "मी तुझ्याशी कधी खोटं वागलो नाही सुमन, आता कसं वागू?" त्यांनी तिचे पाय चेपले, औषधं वेळेवर दिली, रात्री जागून काढल्या. स्वामींना मात्र बोलावलं नाही. समता तेव्हा नोकरीला नुकती लागली होती. तिनं बोलवायला हवं होतं, पण आप्पांच्या समोरून स्वामींना घरात आणायची तिची छाती झाली नाही. त्या दिवसापासून बापलेक एका घरात राहत होते आणि कामापुरतं बोलत होते.

आता समता पन्नाशीला आली होती. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात ती केमिस्ट होती. दिवसभर पाण्याचे नमुने तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आप्पांना तपासायचं. त्यांना झटका येऊन गेला होता. हातपाय सुधारले, पण मेंदूत एक व्रण राहिला आणि फीट सुरू झाल्या. गोळ्या बदलून बदलून संपल्या. एकदा पेटत्या शेगडीपाशी पडले, एकदा न्हाणीघरात. समताला झोप अशी लागायचीच नाही. भिंतीपलीकडे भांडं वाजलं तरी ती उठून बसायची.

म्हणून हे यंत्र. त्याला हॉस्पिटलात नियंत्रक म्हणत, गल्लीत सगळे मेंदूचा पेसमेकर म्हणत. कानामागच्या हाडात बसवलेली नाण्याएवढी चकती आणि तिच्यापासून आत गेलेल्या केसासारख्या बारीक तारा. डॉ. ग्रेसनी ते समजावून सांगितलं होतं. फीट म्हणजे पेशींचा गोंधळ नव्हे, उलट त्या सगळ्या एकदम एका तालात ओरडायला लागतात. यंत्र सतत ऐकत राहतं. तो ताल जमायला लागला की आधीच एक बारीकसा उलटा धक्का देतं आणि ताल मोडतं. धक्का किती जोराचा द्यायचा हे माणसागणिक ठरवावं लागतं. त्याच्या पातळ्या असतात.

"मग हे काय झालं?" समतानं बाहेर आल्यावर विचारलं.

डॉक्टर भिंतीला टेकल्या. त्यांचाही दिवस सकाळी लवकर सुरू झालेला दिसत होता. "ज्या भागात तार आहे ना, तो भाग प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारतो. हे ओळखीचं, हे धोक्याचं, हे महत्त्वाचं. आणि त्याच्या शेजारचा भाग आपलं अंग कुठं संपतं आणि बाहेरचं जग कुठं सुरू होतं याचा अंदाज ठेवतो. त्या अंदाजात जरासा फरक पडला की माणसाला स्वतःचीच चाहूल दुसऱ्या कुणाची तरी वाटते. त्यावर महत्त्वाचा शिक्का जोरात बसला, की तो दुसरा कुणीतरी मोठा, भला, आपला वाटतो. भीतीची घंटाही मंद होते. काही जणांना होतं असं."

"म्हणजे आप्पांना देव दिसला?"

"मी रविवारी चर्चला जाते, समताताई. मला हा प्रश्न विचारू नका. मी तुम्हाला एवढंच सांगू शकते की चौथ्या पातळीवर फीट पूर्ण थांबल्यात. दुसऱ्या पातळीवर हे असलं काही वाटणार नाही, पण मधूनअधून फीट येईल."

"मधलं काही?"

"तिसरीवर थोडी फीट आणि थोडं हे. ते जास्त त्रासाचं."

समताला ऑपरेशनच्या आधीची संध्याकाळ आठवली. डोक्याचे केस काढलेले आप्पा तिच्या आणि डॉक्टरांच्या समोर स्पष्ट बोलले होते. "डोक्यात तार घालताय. उद्या मी भलतंच काही बरळायला लागलो, कुणाच्या पाया पडायला लागलो, तर ते कमी करायचं. तो मी नसेन. समता, तू शब्द दे." तिनं दिला होता. पातळी बदलायला डॉक्टरांबरोबर तिच्याही अंगठ्याची संमती लागणार होती.

"घरी जाऊन बघते," ती म्हणाली. "मग ठरवू."

घरी गेल्यावर तिनं कुकर लावला. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तू जेवलीस का गं दुपारी?"

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारलेला तिला आठवत नव्हता. "जेवले," ती खोटंच म्हणाली.

त्या आठवड्यात ती झोपली. सलग, रात्रभर, लहान मुलासारखी. उठली तेव्हा आप्पांनी चहा केला होता आणि पडवीत बसून ते समोरच्या कडुनिंबाकडे बघत होते, जणू झाड त्यांना काही सांगत होतं. फीट नाही, चिडचिड नाही. भाजीवालीची चौकशी करायचे, विनाचालक रिक्षा दारात थांबली तर तिलाही धन्यवाद म्हणायचे. त्यांची धाकटी बहीण महादेवी जयसिंगपूरला होती. सुमनच्या वेळी झालेल्या भांडणानंतर तिनं या घराचं तोंड पाहिलं नव्हतं. आप्पांनी तिला आपणहून फोन केला. ती आली, दारातच रडली, आणि मग दोघं भावंडं लहानपणीच्या गोष्टी सांगत हसत बसली. महादेवीनं समताला आत नेऊन विचारलं, "हे यंत्र आधी का नाही बसवलं गं?"

एका संध्याकाळी समता कपड्यांच्या घड्या घालत होती. आप्पा तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"सुमनला स्वामींना भेटायचं होतं," ते म्हणाले. "मी आणायला हवं होतं. माझं काय जात होतं? माझं चुकलं, समता. तुझ्याही बाबतीत चुकलं."

किती वर्षं तिनं या वाक्याची वाट पाहिली होती. मनात कितीदा त्यांच्या तोंडी घातलं होतं. आता ते आलं, तर तिला त्यांच्या कानामागची चकती दिसत राहिली. खरंच आप्पा बोलताहेत की पातळी बोलतेय? ते हसत होते. इतकं जड वाक्य बोलताना माणूस हसतो का? तिनं "असू दे" म्हटलं, घड्या कपाटात ठेवल्या आणि न्हाणीघरात जाऊन रडली. आणि दिलेला शब्द तिनं पुढं ढकलला. घरात सुख होतं, आणि ती फार दमलेली होती.

दस्तगीरचाचांना मात्र हे पसंत नव्हतं. बाकीच्या गल्लीत तंबोऱ्यांचे सांगाडे आता यंत्रावर छापून निघत. चाचा अजून भोपळा वाळवून, कोरून तंबोरा करत. पाच वेळची नमाज आणि उरलेल्या वेळात भोपळा. आप्पांशी त्यांचा पन्नास वर्षांचा वाद होता. रोज संध्याकाळी पडवीत बसून तो ते इमानानं चालवत.

"तुझा बाप आता वाद घालत नाही, बेटा," ते समताला म्हणाले. "मी म्हटलं, अल्ला आहे. तर म्हणतो, हो हो, आहेच की. आता मी बोलू कुणाशी?"

"तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे की चाचा."

"मला पण वाटलं होतं होईल." त्यांनी दाढी खाजवली. "पण हे काहीतरी वेगळंच आहे. माझा अल्ला मला पहाटे गारठ्यात उठवतो. काल भाच्याला टाकून बोललास, जा, माफी माग म्हणतो. फार त्रास देतो तो मला. सिद्रामला जो भेटलाय तो काहीच मागत नाही."

समतानं ते ऐकलं आणि सोडून दिलं.

शर्वरी आणि विहान आले ते एका रविवारच्या दुपारी. शर्वरीला आप्पा लहानपणापासून ओळखत. ती आणि तिचा भाऊ रणवीर दोघंही आप्पांकडे विज्ञानाचे प्रयोग बघायला यायची. विहान आयटीआयमध्ये शिकत होता, दुसऱ्या जातीचा. दोघांनी लग्न नोंदवलं होतं आणि शर्वरीच्या घरी ते कळलं होतं. पोरीच्या हातात पिशवी होती आणि ओठ कोरडे पडले होते.

"सर, दोनच दिवस," ती म्हणाली. "मग आम्ही पुण्याला जातो. विहानच्या मावशीकडे सोय झालीय."

समतानं माळ्याची किल्ली शोधली. वर जाऊन चादरी बदलल्या, माठ भरला. आप्पा खाली दोघांजवळ बसले होते. शर्वरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होते, "घाबरू नकोस बाळ. कुणीही वाईट नसतं. तुझ्या भावातसुद्धा तोच आहे."

समता खाली आली तेव्हा ते फोन ठेवत होते. चेहऱ्यावर तेच हसू.

"कुणाला केलात?"

"रणवीरला. म्हटलं, बहीण माझ्याकडे आहे, ये आणि प्रेमानं घरी घेऊन जा. आनंद झाला गं त्याला. लगेच येतो म्हणाला."

समतानं पोलिसांना फोन लावला, दोघांना मागच्या दारानं दस्तगीरचाचांच्या घरात ढकललं. पण विहान पिशवी आणायला माघारी फिरला. पिशवीत लग्नाचा दाखला होता. तेवढ्यात गाडी आली.

रणवीर आणि त्याचा चुलतभाऊ. रणवीरच्या कपाळाला गंध होतं. देवळातून तसाच आलेला. आप्पा पडवीत हात जोडून उभे होते. रणवीरनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, अगदी मनापासून लावला. मग त्यांच्या शेजारून आत गेला आणि विहानला केसांना धरून बाहेर ओढलं.

चुलतभावाकडे लोखंडी पहार होती. पहिला फटका विहानच्या पायावर बसला. दस्तगीरचाचा मधल्या गेटातून ओरडत आले आणि पोरावर आडवे पडले. दुसरा फटका त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. समतानं हाताला लागलेली पाण्याची बादली भिरकावली, मग खुर्ची, मग नुसतीच किंचाळत राहिली. गल्लीतले लोक धावले. पोलिसांची गाडी वळणावर दिसली.

या सगळ्यात आप्पा पडवीत उभे होते. "बाळांनो," ते म्हणत होते, "बाळांनो, शांत व्हा. तो बघतोय. सगळं ठीक होणार आहे." त्यांचा आवाज गोड होता आणि त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

विहानच्या पायात सळई घालावी लागली. चाचांचं मनगट तीन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण कोरीवकामाचं विसरा. शर्वरी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात समताच्या समोरून गेली तेव्हा तिनं मान दुसरीकडे फिरवली.

समता चाचांच्या खाटेजवळ बसली. प्लॅस्टरमधल्या त्यांच्या बोटांकडे बघायची तिला हिंमत होईना.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता. पातळी कमी करायला हवी होती. मला झोप मिळत होती, म्हणून..."

"झोपणं गुन्हा नाही, बेटा."

"आता काय करू? चाचा, तुम्ही तरी सांगा. इतकी वर्षं आप्पा देव न मानता नीट वागले. आणि आता..."

चाचांनी डोळे मिटले. गोळ्यांमुळे त्यांची जीभ जड झाली होती. "मला काय विचारतेस? मी पाचही वेळा नमाज पढतो आणि तरी माझ्या सख्ख्या भावाशी दहा वर्षं बोललो नाही. सिद्राम काही न पढता दंगलीत माझ्या दारात बसला. मला नाही माहीत हे कसं चालतं." मग म्हणाले, "त्यालाच विचार. तो मास्तर आहे. अजून आत कुठंतरी असेल."

तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं. आप्पा पडवीत होते. जमिनीवरचे डाग कुणीतरी धुतले होते, पण फरशीच्या सांध्यात काळपट उरलं होतं.

"आप्पा, मी पातळी कमी करणार आहे."

त्यांचं हसू पहिल्यांदाच ढळलं. "नको गं. असं करू नकोस. तुला माहीत नाही, आधी कसं होतं. आत कुणीच नसायचं. मला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. आता सोबत आहे. म्हातारपणी मला परत एकटं पाडू नकोस."

समताला वाटलं, हे आपल्याच्यानं होणार नाही. तरी ती बोलत राहिली. "तुम्ही माझ्याकडून शब्द घेतला होता."

"तो मी वेगळा होतो."

"चाचांचा हात गेला, आप्पा. आता त्यांना तंबोरा करता येणार नाही."

"बरा होईल. सगळं बरं होतं."

"होणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. विहानचं वर्ष गेलं. तुम्ही फोन केलात म्हणून."

आप्पांच्या कपाळावर एक आठी आली. वर्गात एखादा प्रयोग अपेक्षेप्रमाणे झाला नाही की यायची, तीच. बराच वेळ ते स्वतःच्या आत काहीतरी शोधत असल्यासारखे बसून राहिले.

"समता, मला वाईट वाटायला हवं ना?"

"हो, आप्पा."

"वाटत नाहीये." ते आश्चर्यानं म्हणाले. "मी बघतोय, पण वाटत नाहीये. दस्तगीरचा हात डोळ्यांपुढे आणला, तरी आत सगळं गोडच आहे. हे बरोबर नाही." त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं. कशाचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "म्हणजे काहीतरी बिघडलंय. दस्तगीरचा हात मोडला आणि मला गोड वाटतंय... कमी कर. आजच कर. उद्या मी नको म्हणेन."

त्याच दुपारी डॉ. ग्रेसनी टॅब पुढं केला आणि समतानं अंगठा टेकवला. आप्पा खुर्चीत कपाटाकडे बघत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरलं. नंतर ते नुसतं कपाटाकडे बघणारे एक म्हातारे गृहस्थ उरले. काही मिनिटांनी त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि असा आवाज काढला की समता खोलीबाहेर निघून गेली.

त्यानंतरचे महिने काही चांगले गेले नाहीत. आप्पा बोलेनासे झाले. फीट परत आल्या. फार नाही, पण समताची झोप मोडायला पुरेशा. महादेवीआत्या फोनवर रडली, "दिलेलं सुख काढून घेतलंस." आप्पा पुन्हा तिरसट झाले होते, भाजीत मीठ जास्त झालं की ताट सरकवायचे.

पण ते रोज सकाळी उठून शेजारी चाचांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात जायला लागले. पहिल्या दिवशी चाचांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही. मग एकदा चाचांनी डाव्या हातानं एक भोपळा त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाले, "धर. मी सांगतो तसं घासायचं. जास्त शहाणपणा नको." आप्पांचे हात थरथरत. त्यांनी घासलेले भोपळे वाकडे व्हायचे. चाचा शिव्या घालायचे, आप्पा ऐकून घ्यायचे आणि परत घासायचे. काही दिवसांनी अल्ला आहे की नाही यावरचा वाद पुन्हा सुरू झाल्याचं समताला भिंतीपलीकडून ऐकू आलं. ऐकता ऐकता ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

एक दिवस औषधं देताना आप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले, "सुमनचं बोललो होतो मी तुझ्याशी. आठवतंय मला."

"ते यंत्रामुळे, आप्पा. असू दे."

"तेव्हा बोलताना बरं वाटत होतं. आता बोलताना घशात अडकतंय." त्यांनी गोळी गिळली, पाणी प्यायले. "पण चूक ती चूकच. तेव्हाही होती, आताही आहे. एवढंच."

ते कूस बदलून झोपले. समता रिकामा पेला हातात धरून उभी राहिली. या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

खटला उभा राहिला. साक्षीच्या आधी सरकारी वकील, एक तरुण बाई, आप्पांना बाजूला घेऊन समजावत होत्या. "सर, फोन केलात तेव्हा यंत्राच्या अमलाखाली होतो, एवढंच सांगा. डॉक्टरांचा दाखला आहे. नाहीतर बचावपक्ष तुमच्यावरच उलटवेल. आरोपींना तुम्हीच बोलावलं, म्हणतील. कदाचित तुम्हालाही गोवतील."

आप्पांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. कशाला डोलावली ते समताला कळलं नाही.

चाचांची साक्ष आधी झाली. त्यांनी अल्लाला साक्षी ठेवून खरं सांगायची शपथ घेतली आणि न वळणारं मनगट न्यायाधीशांना दाखवलं. मग आप्पांचं नाव पुकारलं. ते कठड्याला धरून उभे राहिले. शिपायानं सवयीनं "ईश्वरसाक्ष" म्हणायला सुरुवात केली. आप्पांनी त्याला थांबवलं.

"मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो," ते म्हणाले, "की मी खरं सांगेन."

बचावाच्या वकिलांनी विचारलं, "आरोपीला फोन कुणी केला?"

"मी."

"म्हणजे डोक्यातल्या यंत्रानं तुमच्याकडून करवून घेतला?"

सरकारी वकील बाईंनी डोळ्यांनी खूण केली. आप्पांनी ती पाहिली.

"यंत्रानं मला आनंदात ठेवलं होतं. भीती वाटत नव्हती, वाईट वाटत नव्हतं. पण मला दिसत होतं. पोरीचे ओठ कोरडे पडलेले मला दिसले होते. अशा पोरांना माझ्या घरात चाळीस वर्षं आसरा मिळाला, दार कसं लावायचं हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी लावलं नाही. फोन मी केला. यंत्राला रणवीरचा नंबर माहीत नव्हता, मला होता."

कोर्टात खुसफुस झाली. वकील पुढं सरसावले. "म्हणजे माझे अशील तुमच्या बोलावण्यावरूनच आले होते!"

"आले माझ्या बोलावण्यावरून. बहिणीला घेऊन जायला बोलावलं होतं, तीही माझी चूक. ती सज्ञान आहे, तिला कुणी घेऊन जायचा प्रश्नच नव्हता. तिच्यासाठी कोर्ट मला जी काय शिक्षा करायची ती करो. पण पहार मी आणायला सांगितली नव्हती. ती यांनी आणली." त्यांनी पिंजऱ्यातल्या दोघांकडे पाहिलं. "यांच्या डोक्यात कुठलंही यंत्र नव्हतं."

रणवीरनं मान खाली घातली. आप्पा कठडा सोडून खाली उतरले. समतानं त्यांना धरून बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं. सरकारी वकील बाई येऊन म्हणाल्या, केस पक्की झाली, पण सर, तुम्ही फार धोका पत्करलात. आप्पांना फक्त पाणी हवं होतं.

पाणी पिऊन होतं न होतं तोच शर्वरी समोर येऊन उभी राहिली. मागं, भिंतीला टेकून, कुबडी घेतलेला विहान.

"सर, तुम्ही खरं सांगितलंत," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला माफ करू शकत नाही. मी प्रयत्न करून बघितला."

"नको करूस," आप्पा म्हणाले.

ती जाईना. तिला आणखी काही बोलायचं होतं आणि ते बोलायची तिची इच्छा नव्हती. शेवटी विहानकडे एकदा बघून ती म्हणाली, "याची परीक्षा आहे. पायामुळे सगळे वर्ग बुडाले. वीज आणि चुंबक काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नाही. क्लासवाले मागतात तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत."

"पाठव माझ्याकडे."

"तुमच्या घरात आम्ही पाय ठेवणार नाही. तुम्ही या. सांगलीत खोली घेतलीय, दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही."

"येतो."

आप्पांनी समताकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्यांना एकट्यानं कुठंही जायला बंदी केली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. आठवड्यातनं मिळणारी तिची एक सुट्टी, रिक्षात शेजारी बसलेले आप्पा, वाटेत फीट आली तर पर्समधलं औषध, आणि ते दोन जिने. समताच्या मनात हे सगळं एका पाठोपाठ एक येऊन गेलं. ती खूप दमली होती. एवढी दमली होती, की तिला नाही म्हणायलाही कष्ट पडले असते. पण ती हो म्हणाली ते त्यासाठी नव्हे; त्या पोरांचं देणं तिच्याही नावावर होतं.

"सकाळी येऊ," ती शर्वरीला म्हणाली. "उन्हं चढायच्या आत. पत्ता सांग."